पाणबुडीच्या वाफेवरची हळद

माझ्या दिराला कुठलीही वस्तू साध्या ठिकाणाहून आलेली चालत नाही. त्याचा मोबाइल दुबईहून आलेला असतो, कुत्रं मिलिटरीवाल्याच्या घरचं असतं आणि पायातली चप्पल थेट कारखान्यातून. म्हणून त्याने वारंगा फाट्यावरच्या भंगारवाल्याकडून हळद शिजवायच्या बॉयलरसाठी लोखंडी टाकी आणली, तेव्हा ट्रॅक्टरवरून उतरायच्या आधीच तो ओरडला, "वैनी, पानबुडीची टाकी हाय ही! समिंदरात राहून गंजली न्हाई, आपल्या रानात काय गंजंल?"

मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. "पानबुडीत हळद शिजवत व्हते का रे ते लोक?" मी विचारलं. त्याला माझं बोलणं ऐकूच गेलं नाही. तो टाकीभोवती फिरून तिला थापट्या मारत होता, नवी म्हैस दारात आल्यासारखा.

टाकी मात्र खरंच दणकट होती. जाड पत्र्याची, आत माणूस उकिडवा बसेल एवढी, आणि एका बाजूला पिवळ्या रंगाचा पुसट पट्टा. कळमनुरीच्या वेल्डिंगवाल्याने तिला नळ्या बसवून दिल्या. टाकीत पाणी भरायचं, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ घालायचा, वाफ नळीतून ड्रमात सोडायची आणि ड्रमात हळदीचे कंद शिजवायचे, एवढंच ते काम. जुना बॉयलर चार ठिकाणी गळायचा. हिची वाफ एकदम जोरकस. पहिल्याच दिवशी कंद असे एकसारखे शिजले की माझे मालक, ज्यांच्या तोंडून भावाचं कौतुक कधी निघत नाही, तेसुद्धा "बरं काम झालं" म्हणाले.

आमच्या गावात हळदीचं काम वारंगुळ्यावर चालतं. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझ्या रानात राबायचं, उद्या तुझ्या, परवा त्याच्या. माणसं फिरतात तशी अवजारंही फिरतात. चांगला बॉयलर आला की तो एकट्याच्या घरचा राहत नाही. आमची टाकीही त्या हंगामात या रानातून त्या रानात फिरली. सरपंचाच्या शेतात गेली, नदीकाठच्या तुकड्यांवर गेली, बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीतल्या दोघांकडे गेली. अर्ध्या गावाची हळद तिच्या वाफेवर शिजली. आणि टाकी जिथे जाईल तिथे दीर तिची समुद्रातली कहाणी सांगायला हजर. प्रत्येक रानात कहाणी थोडी लांब व्हायची.

जाळापाशी बहुतेक वेळा माझी धाकटी जाऊ, याच दिराची बायको, बसायची. ते बसून करायचं काम आणि तिला त्या वेळी वजन उचलायचं नव्हतं. का नव्हतं, ते फक्त मला माहीत होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, नवस झाले होते, आणि लोकांच्या तोंडचं नको नको ते ऐकून झालं होतं. मग एक दिवस गोठ्यात शेण काढताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अक्का, म्हयना चुकला माझा." मी पाटी खाली टाकून तिला पोटाशी धरलं. माझे हात शेणाने भरलेले होते, तिच्या लुगड्याची पार वाट लागली, पण दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

तर ती जाळापाशी बसायची. पऱ्हाट्या सारायची, टाकीतलं पाणी बघायची, कंटाळा आला की टाकीच्या सावलीला पाय पसरायची. हंगाम संपला, वाळवणं अंगणात पसरली गेली, तिचं पोट दिसायला लागलं आणि सगळ्या गावाला कळलं. सातव्यात डोहाळजेवण करायचं ठरलं. तिच्या माहेरचे लोक येणार होते. मी हिरवी साडी आणून ठेवली.

आता पुढचं जे झालं ते दिराच्या हौसेमुळेच झालं. एका संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर होतो आणि तो आपल्या भावाला मोबाइलवर पाणबुडी दाखवायला बसला. आपण काय चीज आणली हे एकदाचं पटवून द्यायचं होतं त्याला. एक व्हिडिओ झाला, दुसरा झाला. तिसरा परदेशातल्या जुन्या पाणबुड्यांचा होता. अणूवर चालणाऱ्या, आता कामातून गेलेल्या. त्यांचं काय करायचं, असा त्यात प्रश्न होता. क्रेनने उचललेले मोठमोठे तुकडे दाखवत होते, पिवळे पिंप दाखवत होते. या भागातून डोळ्यांना न दिसणारी किरणं निघतात, हा हजारो वर्षं धोक्याचा राहील, असं एक बाई हिंदीत सांगत होती. आणि शेवटी कुंपणापाशी उभी राहिलेली तिथल्या गावची माणसं. आमच्या घराजवळ हे पुरू नका, असं ती हात जोडून सांगत होती.

दिराचा चेहरा उतरला. व्हिडिओ संपला तरी तो मोबाइल तसाच धरून बसला. मी म्हटलं, "काय झालं रे?" तर तो म्हणाला, "वैनी, आपल्या टाकीवर बी पिवळा पट्टा हाय."

धाकटी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने पोटावरचा हात काढला आणि बाजूला धरला.

दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. माझ्या दिराच्या पोटात गोष्ट राहत नाही, ही त्याची जुनी खोड. मारुतीच्या पारावर माणसं जमली. टाकी तेव्हा अजून सरपंचाच्या रानातच पडून होती, हंगामातली शेवटची पाळी त्यांची होती. आता ती तिथे एक दिवससुद्धा राहू द्यायला सरपंच तयार नव्हते. कुणाला खाज सुटायला लागली, कुणाला मळमळायला लागलं. एकाला पाच-सहा वर्षांपासून टक्कल होतं, त्याने त्याचं खापरही टाकीवर फोडलं. आणि या भीतीच्या खाली दुसरी भीती होती, ती कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाजारात ही गोष्ट फुटली तर गावाच्या हळदीला कोणी हात लावणार नाही. म्हणून गुपचूप काहीतरी करायचं होतं.

"गायरानाच्या कडंला जुनी खदान हाय," कोणीतरी म्हणालं. "तिच्यात ढकलून वरून माती टाकू. गावापासून दूर हाय. इषय संपला."

त्या खदानीच्या पलीकडच्या काठाला विहाराची वस्ती आहे. तिथल्या एक मास्तरीणबाई कळमनुरीच्या शाळेत शिकवतात. त्या गाडीवरून शाळेत निघाल्या होत्या, पारापाशी थांबल्या आणि त्यांनी हे ऐकलं. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि शांतपणे विचारलं, "दूर म्हंजी कोनापासून दूर?"

एवढी माणसं, प्रत्येकाला पायाखालची माती बघायची होती.

"तुमची हळद शिजली तवा टाकी आमच्याकडं बी आली, तुमी बराबरीनं दिली, त्याचं बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आता तिची तकलीफ हाय तर तेवढी एकट्या आमच्या दारात काहून?"

आता माझा स्वभाव तापट आहे, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. मी बायकांच्या बाजूला उभी होते, पण मला राहवलं नाही. पदर खोचून पुढे गेले आणि म्हटलं, "कडंवरच्या लेकरासारखी फिरवली का न्हाई तिला रानारानात? तवा कोनी म्हनलं न्हाई, दूर ठिवा म्हनून! आता खदान आठवली का?" अजून बरंच बोलले. माझ्या मालकांनी डोळे वटारले, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

आणि त्या गलक्यात धाकटीचा आवाज आला. ती पारावर कधी बोललेली नव्हती. तिला तोंड आहे की नाही, अशी शंका यायची लोकांना. ती म्हणाली, "आपन आनली, आपल्याच रानात आना. जे व्हायचं ते मला होऊन गेलंय."

दीर खाली मान घालून लहान मुलासारखा रडायला लागला.

टाकी आणायला एकही ट्रॅक्टरवाला येईना. शेवटी दिरानेच उसना ट्रॅक्टर घेतला, तोंडाला तिहेरी फडकं बांधलं आणि एकट्याने ती आणली. आमच्या रानाच्या टोकाला ठेवली, वर ताडपत्री टाकली, भोवती बोराटीची काटेरी झुडपं तोडून लावली. त्या बाजूला जनावरंही चरायला सोडायची नाहीत, असं ठरलं. मग तो फाट्यावर गेला, भंगारवाल्याच्या गळ्याला हात घालायला. तो बिचारा गांगरला. म्हणाला, "अरे भाई, दूध डेअरी की टाकी थी वो. पाणबुडी बोला तो तुम खुश हुए, मैं क्या करता?"

हे ऐकून खरं तर हसायला हवं होतं. पण त्या दिवसांत आम्हाला हसू येत नव्हतं. आधी पाणबुडी म्हणाला, आता गळ्याशी आलं तर डेअरी म्हणतो, यातलं कुठलं खरं? माझे मालक म्हणाले, "उद्या दुसरं कोनी इचारलं तर उडत्या इमानाची टाकी म्हनंल." भंगारवाल्याचा शब्द धरून घरातलं लेकरू धोक्यात ठेवायला कोणी तयार नव्हतं.

धाकटीला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान आहे, वाढ चांगली आहे. धाकटीने फक्त एक विचारलं, "किरनं फोटोत दिसतात का?" बाईंनी खरं ते सांगितलं, की नाही दिसत. झालं. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिने ताट बाजूला सारलं.

त्या दिवसांतली ती मला अजून आठवते. पोटाला चुकूनसुद्धा हात लावायची नाही. उठताना बसताना बाकीच्या गरोदर बायका कशा आपसूक हात धरतात, ती जमिनीला हात टेकून उठायची. आधी "माझं लेकरू" म्हणायची, आता "ते" म्हणायला लागली. "ते हलून राहिलंय," एवढंच सांगायची, तेही मी विचारलं तर. पाहुण्याला उद्या जायचंच आहे म्हणून कोणी त्याच्याशी ओळख वाढवत नाही, तसं तिचं चाललं होतं. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीव तुटायचा, दोन्ही एकाच वेळी.

त्यात माहेरहून फोन आला. डोहाळजेवणाला दोन दिवस राहिले होते. तिच्या भावाने आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाला, "ताई, आमच्या घरात लहान लेकरं हायेत ना. थोडं थांबून येतो. बाळंतपनाला बी तिकडंच बघा म्हने, दवाखाना जवळ पडतो." धाकटी "व्हय, व्हय" म्हणत राहिली. फोन ठेवून ती भाकरी थापायला बसली. मी हिरवी साडी ट्रंकेत खाली सरकवून ठेवली. त्या रात्री तिच्या भावाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्याच्यावर तरी किती रागवायचं? आम्ही आमच्या जनावरांनासुद्धा त्या टोकाला सोडत नव्हतो.

मास्तरीणबाई मात्र गप्प बसल्या नव्हत्या. पारावरचं भांडण पारावर सोडून त्या रोज शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन लावत होत्या. हिंगोलीच्या ऑफिसात लावला, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. असं करता करता त्यांना एक साहेब मिळाले. एका मोठ्या दवाखान्यात कॅन्सरच्या रोग्यांना किरणांचे उपचार देतात, तिथे ते कामाला होते, आणि किरणं मोजायचं यंत्र त्यांच्याकडे असतं. सुट्टीच्या दिवशी येतो म्हणाले. मास्तरीणबाई हे सांगायला आमच्या दारात आल्या, आणि टाकीच्या रानातून चालत आल्या. काटेरी कुंपणाच्या शेजारून, आडवाट न घेता. मी चहा ठेवला. त्या दिवसापासून आमचं येणंजाणं सुरू झालं.

साहेब आले ते तरुण, सडपातळ, उन्हाने लाल झालेले. सगळं गाव आमच्या रानाच्या बांधावर गोळा झालं होतं. कोणी जवळ येईना. साहेबांनी बोराटीची झुडपं स्वतःच्या हाताने बाजूला केली, ताडपत्री ओढली आणि हातातलं छोटं यंत्र चालू केलं. ते टिक करून वाजलं. बांधावरची माणसं दोन पावलं मागे सरकली.

"थांबा, घाबरू नका," साहेब हसून म्हणाले. "हे इथे गावात शिरतानाही वाजत होतं. जमिनीत, दगडात, आभाळातून येणाऱ्या किरणांत थोडं थोडं हे सगळीकडेच असतं. माझ्या घरातही वाजतं. टाकीजवळ नेल्यावर वाढतं का, ते आपण बघू."

त्यांनी यंत्र पिवळ्या पट्ट्यावर धरलं. टाकीत वाकून आत धरलं. नळ्यांच्या तोंडाशी, खालच्या राखेत, शेजारच्या मातीत. टिक... टिक, टिक... टिक. कुठेही वाढलं नाही. बांधावर असताना जेवढं, टाकीच्या पोटात तेवढंच. मग ते आमच्या अंगणात आले आणि हळकुंडांच्या राशीत यंत्र खुपसलं. तेवढंच. मग नखाने पिवळा रंग खरवडून म्हणाले, "टाकी चांगल्या पोलादाची आहे. साध्या कारखान्याची किंवा दूधवाल्यांची असावी. पाणबुडी-बिणबुडी काही नाही. खुशाल हळद शिजवा."

पहिल्यांदा कोणाला काय करावं ते कळेना. मग माझा दीर मटकन खाली बसला आणि हसायला लागला. "डेअरीची हाय!" तो म्हणाला. "वैनी, डेअरीची हाय टाकी!" साध्या ठिकाणाहून आलेल्या वस्तूचा इतका आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाला असेल. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सरपंचांनी साहेबांचा हात धरून हलवला. मग जत्राच भरली. कोणी विहिरीचं पाणी आणलं, कोणी हळदीची चिमूट, कोणी म्हैस ओढत आणली. ज्याला टक्कल होतं त्याने डोकं पुढे केलं. एकाने सासूजवळ यंत्र धरायला सांगितलं आणि त्याच्या बायकोने त्याला सगळ्यांदेखत धपाटा घातला. साहेबांनी हसत हसत सगळ्यांचं मोजलं. मास्तरीणबाई निंबाखाली उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी प्रथमच असं खळखळून हसताना बघितलं.

मी मात्र धाकटीला शोधत होते. ती कुठेच दिसेना. मागच्या दारात ती भिंतीला पाठ लावून उभी होती. मी म्हटलं, "अगं, ऐकलंस का? काई न्हाई टाकीत."

"ऐकलं," ती म्हणाली. मग ती माझ्या शेजारून निघाली, अंगण ओलांडून, गर्दीतून वाट काढत साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "हितं बी लावा." आणि तिने पोटाकडे बोट दाखवलं.

साहेब क्षणभर घुटमळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. त्यांनी यंत्र तिच्या पोटापासून थोडं अंतर राखून धरलं. दीर हात जोडून उभा होता. थोडा वेळ काहीच वाजलं नाही.

टिक.

धाकटी पांढरीफटक पडली. मी पुढे होऊन तिचा दंड धरला. साहेबांनी गडबड केली नाही. त्यांनी यंत्र स्वतःच्या छातीशी धरलं. टिक. मग थोडं थांबून आणखी एक टिक. मग माझ्यापाशी आणलं, माझ्यापाशीही तसंच. मग पुन्हा तिच्या पोटापाशी.

"ऐका, ताई," ते म्हणाले. "माझ्याजवळ जेवढं वाजतं, या बाईंजवळ जेवढं वाजतं, तेवढंच इथे वाजतं. एक टिक जास्त नाही."

"मंजी ते आपल्यासारखंच हाय?"

"अगदी आपल्यासारखं."

ती तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता, आणि तिने ते पुसलंही नाही. मलाही रडू आवरेना, आणि मी काही आवरायचा प्रयत्नही केला नाही. मग तिने दोन्ही हात उचलले, आधी एक, मग दुसरा, आणि पोटावर ठेवले. एवढी माणसं भोवती आहेत याचं तिला भान नव्हतं. ती खाली बघून हळू म्हणाली, "भिऊ नको रं राजा. मी हाय. काई बी झालेलं न्हाई आपल्याला."

इतक्या दिवसांत ती आपल्या लेकराशी पहिल्यांदा बोलली.